सही दिसते, पण ती तपासता येते का? – ई-स्टँप, डिजिटल शिक्का आणि इलेक्ट्रॉनिक सही

या मालिकेत आपण रोजच्या कागदपत्रांबद्दल बोलतो आहोत. आजच्या भागाचा विषय तुम्हीच सुचवलेला आहे. वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न पुनःपुन्हा येतो. "मुलाने मोबाइलवर कागद पाठवला आहे. त्यावर सही आहे, शिक्का आहे, वर स्टँपही आहे. हा कागद चालेल का?"

थोडक्यात उत्तर असं, की नुसता बघून ते कुणालाच सांगता येणार नाही. कागदावरच्या शाईच्या सहीला आपण डोळ्यांनी ओळखायचो. पडद्यावर डोळ्यांचा उपयोग नाही, कारण सहीचं चित्र कुणीही कापून कुठेही चिकटवू शकतो. फौजेत रात्रीच्या पहाऱ्यावरचा संतरी "थम, कौन आता है?" असं विचारतो. समोरचा माणूस ओळखीचा वाटला, अंगावर वर्दी असली, तरी परवलीचा शब्द बरोबर आल्याशिवाय तो त्याला आत सोडत नाही. इलेक्ट्रॉनिक कागदाशीही असंच वागायचं. कसा दिसतो ते बाजूला ठेवा. तपासता येतो का, ते बघा.

तीन वेगळ्या गोष्टी

आधी एक घोळ मिटवू. मुद्रांक, शिक्का आणि सही या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. इंग्रजीत मुद्रांकालाही आणि रबरी शिक्क्यालाही स्टँपच म्हणतात. बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मुद्रांक म्हणजे सरकारला भरलेला कर. सही म्हणजे माणसाची संमती. शिक्का म्हणजे हा कागद अमुक कार्यालयाकडून किंवा संस्थेकडून आला अशी खूण. कर भरला म्हणून संमती दिली असं होत नाही, आणि संमती दिली म्हणून करही माफ होत नाही. पाचशे रुपयांचा ई-स्टँप आहे पण सही नाही, तर तो करार नव्हे. उत्तम इलेक्ट्रॉनिक सही आहे पण मुद्रांक शुल्क भरलेलं नाही, तर कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरेपर्यंत न्यायालयात तो कागद पुरावा म्हणून घेतला जात नाही. आणि दोन्ही असूनही जिथे नोंदणी सक्तीची आहे तिथे नोंदणी केली नाही, तर काम अर्धवटच राहतं.

मुद्रांक: तेलगीपासून ई-स्टँपपर्यंत

मुद्रांक कागदावरून संगणकावर का गेला, त्यामागे आपल्याच मराठी मुलखाशी जोडलेली एक कथा आहे. अब्दुल करीम तेलगी हा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये सरकारी स्टँप पेपर छापले जातात. तिथली यंत्रसामग्री त्याने मिळवली आणि बनावट स्टँप पेपर छापून अनेक राज्यांत विकले. २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली आणि २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली. त्याचे कागद दिसायला अस्सल होते, कारण अस्सल बनवणारीच यंत्रं त्याच्या हाती होती. सामान्य माणसाजवळ ते तपासण्याचा काहीच उपाय नव्हता. विक्रेत्याची वही आणि त्याचा शब्द, एवढंच.

यानंतर ई-स्टँपिंग आलं. केंद्र सरकारने स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनला मध्यवर्ती नोंद ठेवणारी संस्था म्हणून नेमलं. तुम्ही पैसे भरता, संस्थेच्या संगणकावर नोंद होते आणि तुम्हाला प्रमाणपत्र छापून मिळतं. उत्तर प्रदेशातल्या प्रमाणपत्राचा क्रमांक आयएन-यूपी या अक्षरांनी सुरू होतो. खाली दोन्ही पक्षांची नावं, कागदाचा प्रकार, मालमत्तेचं वर्णन, शुल्क कोणी भरलं आणि किती, हे सगळं असतं.

त्या प्रमाणपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की हे खरं आहे की नाही ते पाहण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे. ते वाक्य बहुतेक जण वाचत नाहीत. याचा अर्थ, हातातला छापील कागद हा निव्वळ निरोप आहे. खरा मुद्रांक म्हणजे संगणकावरची नोंद. म्हणून स्टॉक होल्डिंगच्या संकेतस्थळावर जाऊन प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख, रक्कम वगैरे माहिती भरून पडताळणी करा. पडद्यावर आलेली नावं आणि रक्कम कागदाशी जुळली पाहिजेत. रंगीत झेरॉक्स काढून एकच प्रमाणपत्र दोन करारांना लावण्याचा प्रयत्न असा लगेच उघडा पडतो.

इथे लखनौत या बदलाचं शेवटचं पाऊल अलीकडेच पडलं. मार्च २०२५ मध्ये उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाने १० हजार ते २५ हजार रुपयांचे छापील स्टँप पेपर चलनातून काढण्याचा निर्णय घेतला. मोठ्या रकमेच्या व्यवहारात आता ई-स्टँपच. कैसरबागेच्या कचेरीभोवती एखाद्या "बैनाम्या"साठी, म्हणजे आपल्या खरेदीखतासाठी, जाड स्टँप पेपरांचा गठ्ठा घेऊन फिरणारी माणसं जुन्या लोकांनी पाहिलेली आहेत. ते चित्र आता संपत आलं आहे.

महाराष्ट्रात मात्र पद्धत वेगळी आहे. तिथे शासनाच्या 'ग्रास' प्रणालीवर चलन भरायचं, किंवा बँकेतून 'ई-एसबीटीआर' ही सुरक्षित पावती घ्यायची. चलनावर जीआरएन नावाचा क्रमांक असतो आणि त्यावरून तपासणी होते. म्हणजे "ई-स्टँप कुठे आहे?" असं पुण्याच्या माणसाला विचारलं, तर तो चलन दाखवेल. ते बरोबरच आहे.

दोन राज्यांमधला कागद

आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण राहतात इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा लखनौला, आणि घर असतं महाराष्ट्रात. त्यांनी हा भाग नीट वाचावा.

मुद्रांकाचे दर आणि नियम राज्याराज्यांत बदलतात. उत्तर प्रदेशात १८९९ चा भारतीय मुद्रांक अधिनियम राज्याच्या दुरुस्त्यांसह चालतो. महाराष्ट्राचा स्वतःचा १९५८ चा कायदा आहे, कर्नाटकाचा १९५७ चा. समजा, तुम्ही पुण्याच्या सदनिकेबाबतचा करार लखनौत केला आणि इथला ई-स्टँप लावला. तो कागद महाराष्ट्रात पोहोचला की तिथल्या दराने जे शुल्क होतं, त्यातून इथे भरलेलं वजा करून उरलेला फरक भरावा लागतो. त्यासाठी कागद तिथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. "ई-स्टँप आहे ना, मग देशभर चालतो," ही समजूत चुकीची आहे.

दुसरा फरक जुन्या स्टँप पेपरचा. कपाटात दोन वर्षांपूर्वीचा कोरा स्टँप पेपर सापडतो आणि माणूस म्हणतो, वापरून टाकू. महाराष्ट्राच्या कायद्यात सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक बाद ठरतो. केंद्रीय कायद्यातली सहा महिन्यांची मुदत मात्र पैसे परत मागण्यासाठी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. तरीही माझा सल्ला सगळीकडे एकच. कराराच्या वेळी, त्या पक्षांच्या नावाने, नवा मुद्रांक घ्या.

शिक्का: कागद कुठे संपतो?

शिवकालीन पत्रं तुम्ही संग्रहालयात पाहिली असतील. वर राजमुद्रा असायची, आणि मजकूर संपला की शेवटी एक लहान मुद्रा उमटवायचे. तिला मर्यादा मुद्रा म्हणत. तिचा अर्थ, पत्र इथे संपलं, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नाही. मागाहून बदल होऊ नये, ही चिंता तेव्हाही होतीच.

आज मोबाइलवर गोल निळा शिक्का तयार करून देणारी कितीतरी ॲप्स आहेत. असा शिक्का हे चित्र आहे. तो कागदाला बांधलेला नसतो. त्याच्या वरचा मजकूर कोणीही बदलला तरी शिक्का तसाच राहतो. सोसायटीने आपल्या पत्रावर किंवा दुकानदाराने आपल्या बिलावर असं चित्र लावलं तर त्यात गैर काही नाही. फक्त त्याला पुरावा समजू नका. संस्थेला खरोखर डिजिटल शिक्का हवा असेल, तर संस्थेच्या नावाचा उल्लेख असलेलं डिजिटल सही प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मर्यादा मुद्रेचं काम आता ते करतं.

सही: चार प्रकार, चार वजनं

आता सहीकडे येऊ. लोक ज्याला "डिजिटल सही" म्हणतात, त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात.

पहिला प्रकार, सहीचा फोटो. कागदावर सही करून तिचं चित्र काढलं आणि फाइलमध्ये चिकटवलं. याचं वजन सर्वांत कमी.

दुसरा, "मला मान्य आहे" या बटणावर टिचकी किंवा ईमेलवर होकार. साध्या व्यवहारात यानेही करार होऊ शकतो. पण वाद झाला तर ते बटण तुम्हीच दाबलं होतं हे समोरच्याला इतर पुराव्यांनी सिद्ध करावं लागतं.

तिसरा, आधारवर आधारित ई-साइन. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की सही होते. यासाठी तयार होणारं प्रमाणपत्र फक्त ३० मिनिटांपुरतं असतं आणि सहीची गुप्त किल्ली एकदा वापरून नष्ट केली जाते. म्हणून पुढच्या महिन्यात तपासताना "प्रमाणपत्राची मुदत संपली" असं दिसलं तर घाबरू नका. सही केली त्या क्षणी ते चालू होतं का, एवढंच पाहायचं असतं.

चौथा, पेनड्राइव्हसारख्या टोकनमधली डिजिटल सही. सनदी लेखापाल, कंपन्यांचे संचालक, सरकारी कंत्राटदार ती वापरतात. परवानाधारक संस्था ओळख पटवून ती देते. २०२१ पासून नवीन प्रमाणपत्रं तिसऱ्या श्रेणीचीच मिळतात.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि त्याने डिजिटल सहीला मान्यता दिली. २००८ च्या दुरुस्तीने "इलेक्ट्रॉनिक सही" हा व्यापक शब्द आणला. कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धती म्हणजे यातला तिसरा आणि चौथा प्रकार. त्यांना हाताच्या सहीसारखाच मान आहे.

आत काय घडतं?

गणितात न शिरता सांगतो. तुम्ही सही करता तेव्हा संगणक संपूर्ण मजकुराचा एक ठसा काढतो. प्रचलित पद्धतीत हा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो. मजकूर एक पान असो की हजार पानं, ठसा तेवढाच. पण मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. हा ठसा तुमच्या गुप्त किल्लीने बंद केला जातो. तीच तुमची सही. समोरचा माणूस तुमच्या उघड किल्लीने तो उघडतो, मजकुराचा ठसा पुन्हा काढतो आणि दोन्ही जुळतात का बघतो.

पण ती उघड किल्ली तुमचीच कशावरून? याची हमी प्रमाणपत्र देणारी संस्था देते, आणि त्या संस्थेची हमी भारत सरकारचे प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक देतात. फौजेत हुकमाच्या साखळीत प्रत्येक कडी वरच्या कडीला जबाबदार असते. इथेही तशीच साखळी आहे.

तपासणी घरी कशी करायची?

महाराष्ट्रातला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हे आपल्या सर्वांच्या ओळखीचं उदाहरण. महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपये भरून तो घरबसल्या मिळतो. तलाठ्याच्या शाईच्या सहीची गरज राहत नाही. त्यावर क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. लखनौत बसून साताऱ्याच्या शेताचा उतारा काढता येतो आणि तो खरा आहे का हेही पाहता येतं.

अशी पीडीएफ संगणकावर ॲडोबी रीडरमध्ये उघडा. सहीवर टिचकी मारा. तीनपैकी एक उत्तर मिळेल.

हिरवी खूण: सही खरी आहे आणि सही झाल्यावर मजकुरात बदल झालेला नाही.

पिवळं प्रश्नचिन्ह: याचा अर्थ कागद खोटा असा नाही. तुमच्या संगणकाला भारत सरकारची ती साखळी अजून ओळखीची नाही, एवढंच. सहीच्या तपशिलात जाऊन प्रमाणपत्र कोणी दिलं ते वाचा, ते वर भारताच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचतं का बघा आणि मगच विश्वासाच्या यादीत घाला. हे फक्त तुम्ही स्वतः सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाइलबाबत करा. अनोळखी माणसाने पाठवलेल्या फाइलबाबत कधीही करू नका.

लाल फुली: सही तपासणीत नापास झाली आहे. बहुतेक वेळा सहीनंतर फाइल बदललेली असते. तो कागद स्वीकारू नका.

आणि टिचकी मारल्यावर काहीच उघडलं नाही, तर ती सही नाही, चित्र आहे.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. डिजिटल सही फाइलमध्ये राहते. प्रिंट काढली की कागदावर उरते ती तिची छाया. फोटो काढून पाठवला तरी तेच. म्हणून मूळ फाइल जपून ठेवा, ती ईमेलने किंवा जशीच्या तशी पाठवा, आणि प्रिंट द्यायचीच असेल तर त्यावर क्यूआर कोड किंवा पडताळणी क्रमांक आहे याची खात्री करा.

जिथे शाईच लागते

माझ्या मते आजच्या भागातलं सर्वांत महत्त्वाचं इथे आहे, कारण इथली चूक अनेकदा माणूस गेल्यावर कळते.

मृत्युपत्र इलेक्ट्रॉनिक सहीने होत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने ते स्पष्टपणे वगळलं आहे. १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमानुसार मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. प्रत्यक्ष मोहिमेवर किंवा युद्धात असलेल्या सैनिकाला याच कायद्यात सवलत आहे. तो तोंडीसुद्धा मृत्युपत्र करू शकतो. पण ती सवलत रणांगणापुरती आहे. निवृत्त होऊन छावणीजवळच्या घरात राहणाऱ्या सुभेदार साहेबांना ती लागू नाही. त्यांनी टॅबलेटवर बोटाने सही करून मृत्युपत्राची पीडीएफ मुलाला पाठवली, तर उद्या त्यांच्या पत्नीच्या हाती काही उरत नाही. घर तिला द्यायची त्यांची इच्छा त्या फाइलमध्येच राहते आणि वाटणी वारसा कायद्याने होते.

विश्वस्त निधीचा दस्तही असाच वगळलेला. कुलमुखत्यारपत्रही. २०२२ च्या दुरुस्तीने बँका आणि तत्सम नियंत्रित संस्थांच्या नावे दिलेल्या मुखत्यारपत्राला सूट मिळाली आहे, पण घरातल्या माणसाला दिलेल्या मुखत्यारपत्राला नाही. मुलगी जर्मनीत आहे आणि नाशिकची जागा विकायला तिने वडिलांना अधिकार द्यायचा आहे, तर ओटीपीने सही करून भागणार नाही. तिने तिथे कागदावर सही करून भारतीय दूतावासात किंवा तिथल्या नोटरीकडून साक्षांकन करून घ्यावं आणि मूळ कागद इकडे पाठवावा. तो भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं.

स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार २०२२ मध्ये वगळलेल्यांच्या यादीतून काढला गेला. पण म्हणून खरेदीखत घरबसल्या पूर्ण होतं असं समजू नका. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडची नोंदणी लागतेच. महाराष्ट्रात भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार मात्र आधारच्या मदतीने घरून ऑनलाइन नोंदवता येतो, आणि ती नोंदणी तिथे सक्तीची आहे.

किल्ली कोणाच्या हातात?

सहीचं टोकन आणि त्याचा पिन हिशेबनिसाच्या खणात ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. कोऱ्या कागदावर सह्या करून देण्यासारखंच ते आहे. टोकन हरवलं तर देणाऱ्या संस्थेला कळवून प्रमाणपत्र ताबडतोब रद्द करून घ्या. आधारचा ओटीपी म्हणजेही तुमची सही. फोनवर कोणी मागितला तर देऊ नका. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. 'जीवन प्रमाण' २०१४ पासून आहे, चेहरा दाखवूनही होतं. "तुमचा दाखला अडकला आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला की ठेवून द्या.

खोट्या शिक्क्याची किंमत काय असते, ते लखनौने पाहिलं आहे. "डिजिटल अरेस्ट"च्या नावाने इथल्या एका डॉक्टर महिलेला २०२४ मध्ये सुमारे ८५ लाखांना लुटलं गेलं. जुलै २०२५ मध्ये लखनौच्या न्यायालयाने त्यातल्या आरोपीला ७ वर्षांची शिक्षा दिली. अशा टोळ्या न्यायालयाचे, सीबीआयचे, रिझर्व्ह बँकेचे शिक्के असलेली पत्रं मोबाइलवर पाठवतात. अशोकस्तंभ बघून शिकलेली माणसंही गांगरतात. अशा वेळी पत्र कसं दिसतं यात अडकू नका. फोन बंद करा, त्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून विचारा, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

तर मंडळी, पुढच्या वेळी मोबाइलवर सही-शिक्क्याचा कागद आला की चार प्रश्न विचारा. मुद्रांकाची नोंद संकेतस्थळावर दिसते का? सहीवर टिचकी मारल्यावर सही करणाऱ्याचं नाव उघडतं का? सहीनंतर मजकूर बदलला आहे का? आणि हा कागद इलेक्ट्रॉनिक सहीने होऊ शकणाऱ्यांपैकी आहे का? चारही उत्तरं मिळाली तर निर्धास्त राहा. एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर पैसे देण्याआधी थांबा आणि जाणकाराला दाखवा. मोठ्या व्यवहारात वकिलाचा सल्ला घ्यायला लाजू नका.

पुढच्या भागात मृत्युपत्र कसं लिहावं आणि साक्षीदार कोण असावेत, यावर बोलू. तोपर्यंत घरातले महत्त्वाचे कागद एकदा काढून बघा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.